ताहिनास्तेच्या फुलोऱ्यासाठी तेनेरिफे: डिसेंबर ते जून

तेनेरिफेला जाऊन आले हे कळल्यापासून ओळखीच्या लोकांचे दोन प्रश्न ठरलेले आहेत. व्हिसा कसा मिळाला? आणि खर्च किती आला? फुलाबद्दल फारसं कुणी विचारत नाही. मी तिन्हींबद्दल लिहिते. निवृत्त शिक्षिका आणि तिची गृहिणी नणंद अशा दोघीच निघाल्या तर कोणते कागद लावायचे, हे शोधताना माझे बरेच दिवस गेले होते. तुमचे तेवढे तरी वाचतील.

आधी झाडाबद्दल, कारण सगळं वेळापत्रक त्यानं ठरवलं. कॅनरी बेटं स्पेनची, पण नकाशात ती मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळ दिसतात. त्यांतल्या तेनेरिफे बेटाच्या मधोमध तेइदे हा ज्वालामुखी आहे, ३,७१५ मीटर उंच, म्हणजे स्पेनमधलं सर्वांत उंच शिखर. त्याच्या पायथ्याला, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या आसपास, लास कान्यादास हा कोरडा, लाव्हाच्या दगडांनी भरलेला प्रदेश आहे. तांबडा ताहिनास्ते मूळचा तिथला. शास्त्रीय नाव एकियम विल्डप्रेती. पहिल्या वर्षी जमिनीलगत रुपेरी, लव असलेल्या लांबट पानांचा गुच्छ एवढंच दिसतं. पुढच्या वर्षी त्यातून एकच दांडा निघतो, दोन मीटरच्या वर जातो, कधी तीनपर्यंत, आणि बुंध्यापासून टोकापर्यंत बारीक लाल फुलांनी भरतो. बी धरलं की झाड मरतं.

मी साताऱ्याची, नोकरीभर जीवशास्त्र शिकवलेली. सात वर्षांनी एकदा फुलून मरणारी कारवी आम्हाला नवी नाही. त्यामुळे एकदाच फुलणाऱ्या झाडाची वेळ चुकली की काय होतं, हे वेगळं कुणी सांगायला नको होतं. ताहिनास्ते साधारण मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत फुलतो, हिवाळा कसा गेला त्यावर थोडं मागेपुढे होतं. म्हणजे मेचा शेवटचा आठवडा धरायचा आणि तिथून उलटं मोजत यायचं. मी २०२४ च्या डिसेंबरात मोजायला बसले.

स्पेनला जायला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावा लागतो. या दोन टोकांच्या मधे कुठेही चालतं असं वाटतं, पण तसं समजू नका. उन्हाळी सुट्टीचे अर्ज मार्च-एप्रिलमध्ये एकदम येतात आणि भेटीची वेळ मिळणं हाच मोठा टप्पा होऊन बसतो. पासपोर्ट आधी काढून बघा: परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत हवी, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, आणि दोन कोरी पानं हवीत.

माझे कागद सोपे निघाले. नोकरदाराला कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं. निवृत्त माणसाला त्याऐवजी पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची प्रत आणि पेन्शन जमा होते त्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा, बँकेचा शिक्का आणि सही असलेला. बँकेतल्या मुलानं मोबाइलवरचं स्टेटमेंट छापून दिलं होतं, मी शिक्का मागून घेतला. शिवाय तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. खात्यात किती पैसे दिसावेत, याचं उत्तर स्पेनपुरतं तरी निश्चित आहे: तिथल्या मासिक किमान वेतनाच्या दहा टक्के, दर माणशी दर दिवसाला. आमच्या वेळी ते साधारण ११५ ते १२० युरो होत होतं. ही रक्कम आदल्या आठवड्यात कुणाकडून तरी आणून टाकू नये, कारण उताऱ्यात ते लगेच दिसतं.

वन्संचं प्रकरण लांबलं. त्यांचं स्वतःचं उत्पन्न नाही, खर्च त्यांचे यजमान करणार. कोरेगावला त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. म्हणजे यजमानांचं हमीपत्र, त्यांची विवरणपत्रं, त्यांच्या खात्याचा उतारा आणि दोघं नवराबायको असल्याचा पुरावा. तो पुरावा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. लग्न १९८९ चं, गावातल्या देवळापुढच्या मांडवातलं. नोंदणी वगैरे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हती.

“पस्तीस वर्षं संसार केला तो काय खोटा का?” वन्संचा पहिला प्रश्न.

“अहो वन्सं, खोटा कोण म्हणतंय? कागद नाही एवढंच.”

उशिरा नोंदणी होते, हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या वयाच्या कित्येक जोडप्यांकडे हा दाखला नाही. लग्न ज्या गावात झालं किंवा नवराबायको जिथे राहतात तिथल्या निबंधकाकडे जायचं. गावात हे काम ग्रामपंचायतीत ग्रामसेवक करतो, शहरात नगरपालिका. नमुना ‘ड’ भरायचा, दोघांचे फोटो, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, तीन साक्षीदार, आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. पत्रिका वन्संच्या आईंनी म्हणजे आमच्या सासूबाईंनी ट्रंकेत जपून ठेवली होती, हळदीच्या डागासकट. गुरुजी मात्र वारलेले. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. साक्षीदारांत एक ह्यांचे मावसभाऊ होते, त्यांना तारीख पाठ होती पण साल चुकीचं सांगत होते. जानेवारीत सुरू केलेलं हे काम फेब्रुवारी संपता संपता हातात आलं. दाखल्यावर इंग्रजी मजकूर आहे ना, हे तिथेच बघून घ्या. नुसता मराठी असेल तर भाषांतर करून जोडावं लागतं.

मधल्या काळात बाकीचं जमवलं. विमानाचं आणि राहण्याचं आरक्षण रद्द करता येईल असंच घेतलं. थोडे पैसे जास्त गेले, पण व्हिसा हाती नसताना लाखभर रुपये अडकवून झोप लागत नाही. प्रवास विमा निदान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. आमच्या वयाला दोघींचे मिळून पाच हजारांच्या आत झाले. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, मागे पांढरं. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत नुसतं “पासपोर्ट फोटो” म्हटलं की वेगळं माप मिळतं, तेव्हा आकडा सांगा.

सोबतचं पत्र एका पानाचं लिहिलं: कोण जातोय, कधी, कुठे राहणार, पैसे कोण देणार आणि परत का येणार. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. मी पेन्शन, घर आणि ८४ वर्षांच्या सासूबाई असं लिहिलं. प्रवासाचा हेतू म्हणून तेइदे राष्ट्रीय उद्यानातला एकियम विल्डप्रेतीचा फुलोरा पाहणे.

भेटीची वेळ एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली मिळाली. त्यासाठी भाच्यानं मार्चभर रोज सकाळी संकेतस्थळ उघडून बघितलं. पहाटेच्या एसटीनं मुंबई गाठली. अर्ज केंद्रात मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे डबा आणि छत्री बाहेर कुठे ठेवायची याचा विचार आधी करून जा. खिडकीवरच्या मुलीनं कागद झरझर लावले, यादीप्रमाणे खुणा केल्या आणि पत्रापाशी थांबली.

“मॅडम, टूरिझमच ना?”

“टूरिझमच. फूल बघायला.”

“एवढं लांब? फुलाला?”

वन्सं मागून म्हणाल्या, “अगं बाई, आमच्याकडे कासला अख्खी मुंबई येते ती कशाला येते?” ती हसली आणि बोटांचे ठसे घ्यायला आम्हाला पुढच्या टेबलाकडे पाठवलं. वन्संच्या बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात. आयुष्यभर भांडी घासलेल्या हातांचं असं होतं म्हणे. ओल्या रुमालानं पुसून पुसून अखेर जमलं. व्हिसाचं शुल्क माणशी ९० युरो, तेव्हा रुपयांत साडेआठ हजारांच्या आसपास, आणि केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. एसएमएस आणि कुरिअर ऐच्छिक असतं. आम्ही कुरिअर घेतलं, साताऱ्याहून पुन्हा मुंबईची खेप करण्यापेक्षा ते स्वस्त.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. ‘अर्ज प्रक्रियेत आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की ह्यांनी माझा फोन काढून घेतला. निर्णय साधारणपणे १५ दिवसांत होतो, पण जास्त कागद मागवले तर लांबतो. आमचे पासपोर्ट मेच्या पहिल्या आठवड्यात आले. पाकीट फोडल्यावर आनंद करण्याआधी तीन गोष्टी बघा: नावाचं स्पेलिंग, मुदतीच्या तारखा, आणि राहण्याच्या दिवसांचा आकडा. मुदत आणि दिवस या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुदत महिनाभराची दिसली तरी आत राहायचं तेवढेच दिवस, जेवढे आकड्यात लिहिलेत.

२४ मेच्या पहाटे निघालो. मुंबईहून आखातमार्गे माद्रिद, तिथे पासपोर्टवर शिक्का, आणि तिथून देशांतर्गत विमानानं तीनेक तासांत तेनेरिफेचा उत्तरेकडचा विमानतळ. माद्रिदच्या अधिकाऱ्यानं परतीचं तिकीट आणि हॉटेलचा कागद एवढंच मागितलं. हे दोन्ही कागदावर छापलेले ठेवा, फोनची बॅटरी नेमकी तिथेच संपते. घड्याळ माद्रिदपेक्षा एक तास मागे करायचं.

बेटावर दक्षिणेला ऊन आणि समुद्रकिनारे, उत्तरेला ढग आणि हिरवाई. पर्यटक दक्षिणेला जातात. आम्ही उत्तरेचं पुएर्तो दे ला क्रूस निवडलं, कारण वर जाणारी बस तिथून सुटते आणि वनस्पती उद्यानही तिथेच आहे. स्वयंपाकघर असलेली खोली दिवसाला ७५ युरोंना मिळाली. डाळ-तांदूळ, मेतकूट आणि भाजणी सोबत होतीच. बाहेरचं शाकाहारी म्हणजे मिठाच्या पाण्यात सालीसकट उकडलेले सुरकुतलेले बटाटे आणि त्याबरोबरची मोहो नावाची लसूण-मिरचीची तांबडी चटणी. दोघींना आवडली. गोफियो म्हणून भाजलेल्या धान्याचं पीठ दुकानात पाकिटात मिळतं. वन्संनी वास घेतला, “वहिनी, हे आपलं सातूचं पीठ,” म्हणाल्या, आणि मग रोज सकाळी दूध-साखर घालून तेच.

पहिला दिवस थकवा घालवायला वनस्पती उद्यानात काढला. राजा तिसऱ्या कार्लोसच्या आदेशानं १७८८ मध्ये हे उद्यान काढलं. उष्ण प्रदेशांतली झाडं आधी इथल्या हवेला सरावू द्यायची आणि मग स्पेनच्या मुख्य भूमीवर न्यायची, अशी योजना होती. झाडं इथे रमली, पुढच्या प्रवासाला मात्र तयार झाली नाहीत, माद्रिदकडची थंडी त्यांना सोसली नाही. याच उद्यानात एकोणिसाव्या शतकात हेर्मान विल्डप्रेत हा स्विस माळी होता आणि ताहिनास्तेच्या शास्त्रीय नावात तोच आहे. माळ्याचं नाव झाडाला मिळालेलं बघून मला फार बरं वाटलं. अशी नावं बहुधा साहेबांना किंवा प्राध्यापकांनाच मिळतात.

दुसऱ्या दिवशी वर. आमच्या वेळी पुएर्तोहून ३४८ क्रमांकाची बस सकाळी एकच जायची आणि दुपारी चारच्या सुमारास एकच परत यायची. एका बाजूचे सहा-सात युरो पडले. ती चुकली तर टॅक्सीशिवाय इलाज नाही, म्हणून थांब्यावर अर्धा तास आधी जा, रांग लागते. बस ला ओरोतावाच्या केळीच्या बागांमधून चढायला लागली आणि थोड्याच वेळात ढगात शिरली. कॅनरी पाइनच्या जंगलात वायपर चालू, खिडकीबाहेर सगळं पांढरं, वन्संनी शाल पांघरलेली. मला काळजी वाटायला लागली. आणि मग एका वळणावर ढग संपले. खाली कापसाची गादी, वर निळं कोरडं आकाश. व्यापारी वाऱ्यांबरोबर येणारे ढग उत्तरेच्या उतारावर ठरावीक उंचीलाच अडतात, वर चढत नाहीत. जंगलाला पाणी मिळतं ते या ढगातून, आणि लास कान्यादास कोरडं राहतं तेही ढग खालीच थांबतात म्हणून. वर्गात हे फळ्यावर काढून कितीदा समजावलं असेल, तिथे ते बसच्या काचेवरच दिसलं.

एल पोर्तियोच्या अभ्यागत केंद्रापाशी उतरलो. तिथे उद्यानातल्या देशी झाडांची नावांसह छोटी बाग आहे. आधी ती बघावी, म्हणजे पुढे रानात काय दिसतंय ते कळतं. बागेच्या कडेलाच पहिला ताहिनास्ते उभा होता, वन्संच्या दुप्पट उंचीचा.

फोटोत हे झाड प्लास्टिकचं वाटतं. समोर उभं राहिलं की आधी आवाज येतो. हजारो फुलं आणि प्रत्येक दांड्यावर मधमाश्या, इतक्या की सगळा दांडा गुणगुणतो. फुलं नखाएवढी, पोवळ्याच्या रंगाची, आणि त्यांतून पुंकेसर बाहेर आलेले, त्यामुळे लांबून दांड्याला बारीक केस असल्यासारखे दिसतात. पानांवरची लव ऊन परतवते आणि पाणी उडू देत नाही. बोटानं बघायचा मोह झाला तरी हात लावायचा नाही, वाटेबाहेर पाऊलही टाकायचं नाही. तसे फलक जागोजागी आहेत, आणि ते बरोबर आहे, कारण पहिल्या वर्षाचे गुच्छ दगडांत मिसळून गेलेले असतात आणि चुकून त्यावरच पाय पडतो. फुलांपाशी एक काळसर पाल बराच वेळ घुटमळत होती. इथल्या पाली मध खायलाही येतात. बाजूला गेल्या वर्षीचे वाळलेले, करडे सांगाडे तसेच उभे. गुच्छ, फुलोरा आणि सांगाडा, तिन्ही वयं दहा पावलांत.

हे नेहमी असं नव्हतं. मूळचे ग्वांचे लोक आणि नंतरचे गुराखी उन्हाळ्यात शेळ्या घेऊन इथे चढत, आणि शेळ्यांनी हे रान खाऊन टाकलं होतं. १९५४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, चराई थांबली आणि ताहिनास्ते पुन्हा वाढला. २००७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. आता ससे आणि बाहेरून आणून सोडलेल्या रानमेंढ्या त्रास देतात, म्हणून काही ठिकाणी रोपांना कुंपणं आहेत.

पुढे पारादोरपर्यंत गेलो. हे सरकारी हॉटेल थेट रानातच आहे, आम्हाला परवडणारं नव्हतं, पण तिथली कॉफी परवडते. आजूबाजूला रोकेस दे गार्सिआचे उंच खडक आणि रस्त्याच्या कडेनं ताहिनास्ते. रेतामाची पांढरी-गुलाबी झुडपंही तेव्हाच फुलतात, त्यांचा गोड वास वाऱ्याबरोबर येत राहतो. मधपाळ या दिवसांत पेट्या वर आणून ठेवतात. पायाखाली काळा, धारदार लाव्हा. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीच्याच दगडाचा, पण तो साडेसहा कोटी वर्षं पावसानं धुतलेला. इथला काही लाव्हा १७९८ चा, म्हणजे साताऱ्याच्या गादीवर छत्रपती असतानाचा. हे मी सांगितल्यावर वन्सं एका दगडावर बसल्या होत्या त्या उठूनच उभ्या राहिल्या.

शिखराबद्दल थोडक्यात. रोपवे २,३५६ मीटरवरून ३,५५५ मीटरवर आठ मिनिटांत नेतो, परतीसह तेव्हा चाळीस युरोंच्या आसपास. वारा वाढला की बंद ठेवतात. तिथून माथ्यापर्यंतच्या शेवटच्या वाटेला वेगळा परवाना लागतो, तो बराच आधी संपतो, आणि त्याची पद्धत व शुल्क बदलत राहतं, म्हणून अधिकृत संकेतस्थळच बघा. पण फुलासाठी जाणाऱ्यानं या परवान्यामागे धावू नये असं मी म्हणेन. एवढ्या उंचीवर ताहिनास्ते नाहीच. तो आहे खाली, रस्त्यालगत, आणि तिथे परवाना लागत नाही. आम्ही रोपवेचे पैसे वाचवून आणखी दोनदा त्याच बसनं त्याच जागी गेलो.

सोबत हवं ते: टोपी, ओठांना लावायला काहीतरी, सकाळसाठी स्वेटर आणि माणशी दोन लिटर पाणी. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळत नाही.

बियांचं सांगायचं राहिलं. बेटावरच्या दुकानांत ताहिनास्तेच्या बियांची पाकिटं मिळतात आणि वन्संच्या यजमानांनी दुकानदाराच्या हौसेनं चार मागवली होती. आणली नाहीत. रानातून बी उचलायला तर बंदीच आहे, पण विकतचं बीही भारतात असं पिशवीत घालून आणता येत नाही. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि निघतानाच्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. एवढं करून ते कोरेगावच्या पावसाळ्यात सडणारच. यजमानांना मध नेला, रेतामाचा, दोन बाटल्या, चेक-इनच्या बॅगेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परतलो. तोवर सुरुवातीला बघितलेल्या दांड्यांची खालची फुलं गळून बी धरायला लागलं होतं. माणशी हिशोब असा: विमान ८६,००० रुपये, व्हिसा आणि विमा तेरा हजारांच्या आत, राहणं दोघींत वाटून पस्तीस हजार, बस, जेवण आणि किरकोळ मिळून वीस हजार. विमान जानेवारीत घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं, पण रद्द न होणारं तिकीट व्हिसाआधी घ्यायची माझी आजही तयारी नाही. तुमच्या घरी लग्नाचा दाखला असेल तर दोन महिने वाचले. नसेल तर पत्रिका आजच शोधायला लागा.